‘स्पेक्ट्रम’ला वर्णपट म्हणावं का?

प्रश्न असा आहे: व्याजदरांच्या सहसंबंध-मॅट्रिक्सचा (कोणता दर कोणाबरोबर किती हलतो, याच्या चौकोनी तक्त्याचा) ‘स्पेक्ट्रम’ काढतात, त्याला मराठीत वर्णपट म्हणावं का?

मुळीच नको. वर्णच नाहीत, पट कसला? मतांचा वर्णपट, विचारांचा वर्णपट ऐकून कान किटलेत. आता व्याजदरही रंगवायला निघालेत.

इथे स्पेक्ट्रम म्हणजे मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूंचा संच, बस. अशा तक्त्याला काही खास दिशा असतात, म्हणजे दरांनी मिळून हलायच्या तऱ्हा; त्या-त्या दिशेत किती चढ-उतार आहे हे सांगणारा आकडा म्हणजे आयगेनव्हॅल्यू. (आयगेन नावाचे कोणी गृहस्थ यामागे नाहीत. जर्मनमध्ये ‘आयगेन’ म्हणजे ‘स्वतःचा’.) एक वर्षाचा दर आणि दहा वर्षांचा दर घ्या, सहसंबंध ०.९ धरा. आयगेनव्हॅल्यू येतात १.९ आणि ०.१, बेरीज २, म्हणजे एकूण चढ-उतारातले ९५ टक्के पहिलीच खाऊन जाते. पहिल्या दिशेत दोन्ही दर एकदम चढतात-उतरतात, दुसरीत एक वर तर दुसरा खाली. तिसरी मुदत घेतली की दर-मुदतीच्या वक्राचा बाकही हाती लागतो. लिटरमन आणि शाइंकमन या अर्थतज्ज्ञांनी १९९१ साली अमेरिकी रोख्यांत पातळी, उतार, बाक असे तीन घटक दाखवले आणि तेव्हापासून ‘पातळी’ म्हणजे बाजाराचं गुपितच सापडलं, अशा थाटात काही पंडित बोलतात. अहो, सगळे सहसंबंध धन असले की पहिल्या दिशेतले आकडे एकाच चिन्हाचे येणारच! हे पेरॉन या गणितज्ञाने १९०७ सालीच सिद्ध केलंय. त्यात बाजाराचं काय कौतुक?

असो, शब्दाकडे येतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. लॅटिन ‘स्पेक्ट्रम’ म्हणजे दिसलेलं काही, आभास, अगदी भूतसुद्धा. न्यूटनने लोलकातून पडलेल्या रंगांना तो शब्द लावला, १६७२ साली तो छापूनही आला. रंग चिकटले ते तेव्हा. मुळात धातूचा अर्थ नुसता ‘पाहणे’, आणि संस्कृतातला स्पश् त्याचाच सख्खा भाऊ. ‘पश्यति’ही त्याच घरातला. ऋग्वेदात वरुणाभोवती बसलेले हेर ते ‘स्पशः’. आणि आपण दिवसभर वापरतो तो ‘स्पष्ट’ म्हणजे मुळात ‘दिसलेला’!

गणितातला स्पेक्ट्रम क्वांटम भौतिकीतून आला असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी जरा सनावळी बघावी. गणितज्ञ हिल्बर्ट तो शब्द विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात वापरत होता. अणूंच्या प्रकाशरेषा आयगेनव्हॅल्यूंतून निघतात हे कळलं १९२५-२६ च्या सुमारास.

माझं ऐकाल तर ‘स्पश’ म्हणा. कोणी म्हणणार नाही, हे ठाऊक आहे. मग ‘स्पेक्ट्रम’ राहू द्या. वर्णपट तेवढा आवरा.