वाचकांचे प्रश्न: गावचं पोस्ट हलवणार म्हणतात, काय करायचं?

प्रश्न: नमस्कार ताई, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात हाये, लहानच गाव, बाजूले कोलाम आदिवासींचे दोन पोड, म्हणजे वस्त्या. गावात पोस्टाची शाखा हाये पण मास्तर मागच्या वर्षी रिटायर झाले, तेव्हापासून बाजूच्या गावचे मास्तर आठवड्यातून दोन दिवस येते, कधी येतच नाही. आता आयकलं का आमचं पोस्ट सात किलोमीटरवरच्या गावाले जोडणार. सासूबाईचे निराधारचे पैसे तिथंच येते, पोरीचं सुकन्याचं खातं बी तिथंच. सरपंच म्हणते वरून आलं तं आपण काय करणार. खरंच काही करता येत नाही का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर: करता येतं ताई, आणि ऑर्डर निघायच्या आधी केलं तरच त्याचा जोर राहतो. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खुपलं ते "आठवड्यातून दोन दिवस". खेड्यातलं पोस्ट एका दिवसात बंद पडत नाही हो. आधी मास्तर रिटायर होतो, जागा भरत नाहीत, चार्ज बाजूच्या गावाकडे देतात, मग दार दोन दिवस उघडं, लोक येऊन कुलूप पाहून परत जातात, खाती तालुक्याला हलवतात आणि मग कोणीतरी रजिस्टर काढून म्हणतं की बघा इथे कामच नाही. काम नाही कारण माणूस नाही, पण कागदावर फक्त पहिलं अर्धं वाक्य जातं. तुम्हाला दुसरं अर्धं कागदावर आणायचं आहे, बस.

म्हणून आधी घरोघर जाऊन मोजा. किती जणांचं बचत खातं, किती आरडी, किती पोरींचं सुकन्या, किती जणांचा ग्रामीण डाक विमा, निराधार, श्रावणबाळ, पीएम किसान आणि लाडक्या बहिणीचे पैसे किती जणांचे पोस्टाच्या खात्यात येतात. वही घ्या, बचत गटाच्या बायांना सोबत घ्या, दोन संध्याकाळी होऊन जातं. पोड सोडू नका, तिथले लोक याच पोस्टावर आहेत आणि ते तुमच्या बाजूचं सगळ्यात मोठं कारण आहे. नवीन शाखा उघडायचा खात्याचा निकष असा की जवळचं पोस्ट किमान 3 किलोमीटर लांब हवं आणि साधारण भागात गावाची किंवा गावांच्या गटाची लोकसंख्या 3000 हवी, पण डोंगराळ, मागास नाहीतर आदिवासी भागात एका गावाला 500 सुद्धा पुरते. उत्पन्नाचंही तसंच, साधारण भागात खर्चाच्या एक तृतीयांश, अशा भागात 15 टक्के. म्हणजे जिथे सात किलोमीटरवर दुसरं पोस्ट आहे आणि मधे पोड आहेत तिथे उद्या नवीन शाखा मागितली असती तरी अंतराचा मुद्दा तुमच्याच बाजूने होता, मग असलेली शाखा का उचलायची, हे निवेदनात सरळ विचारा.

मग ग्रामसभेचा ठराव. 15 ऑगस्टची नाहीतर 2 ऑक्टोबरची वाट पाहू नका, सरपंचांना म्हणा विशेष सभा बोलवा. ठरावात दोन मागण्या ठेवा, शाखा हलवू नये आणि मास्तरची रिकामी जागा भरावी. दुसरी विसरली तर पहिली मिळूनही कुलूपच राहतं, हे मी दोनतीन गावांत पाहिलंय. जागेचीही सोय बघा, कारण खेड्यातल्या शाखेला खोली बरेचदा मास्तरच्याच घरातली असते, तो गेला की खोली गेली. ग्रामपंचायतीने एक खोली देतो असं ठरावात लिहून दिलं तर "जागा नाही" हे कारणच संपतं. ठराव आणि वहीची नक्कल विभागाच्या डाक अधीक्षकांना, एक प्रत नागपूरच्या पोस्टमास्टर जनरलना आणि एक खासदारांना. पोस्ट केंद्राचं खातं आहे, त्यामुळे आमदारापेक्षा खासदाराचं पत्र कामाचं.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावायची आणि विचारायचं की आमची शाखा जोडायचा प्रस्ताव आहे का, असेल तर प्रत द्या, मागच्या तीन वर्षांचे व्यवहार किती, आणि मास्तरची जागा रिकामी झाल्याचं वर कधी कळवलं. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. शेवटचा प्रश्न गाळू नका.

प्रश्न: आता सगळं मोबाईलवर होतं. पोस्टासाठी एवढी ओरड म्हणजे नुसत्या जुन्या आठवणी नाहीत का?
– एक तरुण वाचक, जि. वर्धा

उत्तर: दादा, तुमचं होत असेल, माझंही होतं. माझ्या आईचं होत नाही. तिचा जन्म कापूस वेचण्यात गेला, बोंडाच्या टोकांनी बोटं फाटून फाटून अंगठ्याच्या रेषाच राहिल्या नाहीत. पैसे काढायला मशीनवर अंगठा ठेवला की लाल लाईट. आमच्या गावचे मास्तर तिला आधी हात धुवायला लावायचे, मग पदराला पुसून जरा चोळायला सांगायचे, अंगठा नाही घेतला तर अनामिका, ती नाही तर डावा हात, आणि तोवर मागची माणसं थांबायची कारण सगळ्यांनाच माहीत की म्हातारीचं बोट उशिरा लागतं. तालुक्याच्या गर्दीत "नाही लागत, पुढच्या आठवड्यात या" एवढंच ऐकू येतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरीच्या पुढे फुकट हे खरं, पण गाडी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, म्हणजे पैसे मिळो न मिळो मधला अख्खा दिवस तिथेच बसायचं आणि सोबत आलेल्या सुनेची मजुरी बुडवायची. आणि 1 सप्टेंबर 2018 ला पोस्टाची पेमेंट्स बँक सुरू झाली तेव्हा बँक तुमच्या दारात येणार असं सांगितलं होतं. दार तेच आहे, मग येणारा माणूस काढून कसं चालेल?

अजून एक, आठवण म्हणा हवं तर. तुमच्या गावच्या पत्त्यात "मु. पो." लिहिता ना? ज्या गावात पोस्ट आहे तिथे मुक्काम आणि पोस्ट एकच. पोस्ट गेलं की मु. आपलं आणि पो. दुसऱ्या गावाचं, पुढे लेकराच्या आधारवर, दाखल्यावर, सगळीकडे. मला हे लागतं, आणि ज्या गावांचं असं झालंय तिथल्या माणसांनाही लागतं, विचारून बघा.

प्रश्न: रजिस्टर्ड पोस्ट बंद झालं म्हणतात, मग निवेदन पोचल्याचा पुरावा कसा राहणार?
– एक वाचक, जि. बुलढाणा

उत्तर: 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात मिळवलं, पोचल्याचा पुरावा अजूनही मिळतो, काउंटरवर तसं सांगून जास्तीची फी भरायची. पावती फेकू नका, तिच्यावरच्या नंबरावरून पत्र कुठवर गेलं ते दिसतं. आणि वरच्या यवतमाळच्या ताई, तुमचं निवेदन तालुक्याला जाऊन टाकू नका. मास्तर ज्या दिवशी येतात त्या दिवशी गावच्याच पोस्टात द्या, ठसा तुमच्या गावचा पडू दे.