अमॅरिलिसला फुलं असताना खत घालू का, आणि फुलं गेल्यावर कंद काढून ठेवायचा का?

फुलं असताना घातलेल्या खताचा त्या फुलांना काही उपयोग नाही. ती कळी कंदाच्या पोटात गेल्या हंगामातच धरलेली असते आणि आता कंद साठवलेलं अन्न खर्चून तिला वर आणतोय. पानंही आलेली असतील तर हलकं खत दिलं तरी बिघडत नाही. नुसताच दांडा वर आला असेल तर पाणी पुरे. तेही मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागल्यावर, आणि कुंडीच्या कडेने. कंदाच्या मानेत पाणी साचलं की तो तिथूनच सडायला लागतो. फुलं जास्त दिवस टिकायला हवी असतील तर उमलल्यावर कुंडी कडक उन्हातून काढून थोड्या थंड जागी ठेवा.

खरं काम फुलं सुकल्यावर सुरू होतं, आणि बहुतेक लोक नेमके तेव्हाच कुंडीकडे पाठ फिरवतात. सुकलेली फुलं मागच्या हिरव्या फुगीर भागासकट काढा, म्हणजे झाड बी धरण्यात ताकद घालवणार नाही. दांडा हिरवा आहे तोवर मात्र राहू द्या, तोही पानांसारखंच अन्न तयार करतो. पिवळा पडला की कंदापासून दोन-तीन सेंटीमीटर वर कापा. दांडा पोकळ असतो, कापताना बरंच पाणी गळतं, घाबरू नका.

या वेळी कंद दाबून बघा. फुलण्याआधी टणक असलेला आता थोडा मऊ, आक्रसलेला लागेल. तो पुन्हा भरायचा तर पानं हवीत. साधारण चार पानांमागे आत एक नवी कळी धरते, म्हणून पानं जितकी जास्त आणि धडधाकट तितकी पुढच्या फुलांची आशा. लांब पानं लोंबतात, वाईट दिसतात म्हणून ती छाटणं किंवा त्यांची गाठ मारणं हा माझ्या मते या झाडावरचा सगळ्यात मोठा अन्याय आहे. काठीचा आधार द्या, पण कापू नका.

आता ऊन आणि खत. कुंडी घरात असेल तर हळूहळू उन्हाची सवय लावा, एकदम बाहेर ठेवली तर पानं करपतात. पाण्यात विरघळणारं खत, पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं, दर पंधरा दिवसांनी, आधीच ओल्या असलेल्या मातीत. नत्र (नायट्रोजन) कमी आणि पालाश (पोटॅश) जास्त असलेलं बघून घ्या. नुसत्या नत्राने पानं माजतात आणि फुलं रुसतात. टोमॅटोसाठी मिळणारं खत चालतं.

कंद उपटू नका. त्याची जाड, मांसल मुळं वर्षानुवर्षं जगतात, ती तुटली की झाड मागे पडतं. पानांचा हंगाम भरपूर मिळाल्यावर खत बंद करा, पाणी कमी करत थांबवा आणि कुंडीच थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी आठ-दहा आठवडे ठेवा. १० ते १३ अंश सेल्सिअस उत्तम. ही विश्रांती सक्तीची नाही, पण फुलं एका ठरावीक वेळी हवी असतील तर सोयीची पडते. नंतर वरची थोडी माती बदलून उजेडात ठेवा आणि पाणी सुरू करा, सहा-आठ आठवड्यांत फूल येतं. कुंडी बदलायची ती तीन-चार वर्षांनी, कंदापेक्षा जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर मोठी, आणि कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवून.

पानांवर, दांड्यावर लाल चट्टे दिसले तर ती बहुतेक वेळा बुरशी असते: तो भाग कापून फेका आणि वरून पाणी शिंपडणं थांबवा. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढा. घरात कुत्रा-मांजर असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा. या झाडाचे सगळेच भाग विषारी, त्यातही कंद जास्त.