बोक्याचा मधुमेह आणि तीन लाखांचं कर्ज

प्रश्न: आम्ही डोंबिवलीला राहतो. दोघंही नोकरीला, हातात मिळून ८४,००० रुपये येतात. घराचा हप्ता २७,०००, मुलाच्या शिक्षणाची एसआयपी १०,०००, घरखर्च जाऊन पाचेक हजार उरतात. साडेतीन लाखांची एकच एफडी आहे. आमच्या नऊ वर्षांच्या बोक्याला (वजन ६.४ किलो) नुकताच मधुमेह निघाला. दवाखान्यात ठेवणं आणि तपासण्या यांचे २१,४०० क्रेडिट कार्डावर गेले. पुढे दरमहा इन्सुलिन ७००, सिरिंज ३००, मधुमेही मांजरांचं खास ओलं खाणं १०,८००, साखर मोजणारे दोन सेन्सर १०,००० आणि तपासण्या १,५०० असा २३,३०० चा हिशेब निघालाय. मिस्टर म्हणतात, तीन वर्षांसाठी तीन लाखांचं पर्सनल लोन घेऊ, १४ टक्क्यांनी मिळतंय. मला वाटतं, एसआयपी बंद करावी. सासूबाई म्हणतात, मांजरावर एवढा पैसा? काय करावं?

उत्तर: ताई, खर्च करावा की नाही हे तुम्ही विचारलेलं नाही, आणि नऊ वर्षं घरात वावरलेल्या जिवाबद्दल ते मीही विचारणार नाही. किती आणि कुठून, एवढंच बघू.

कर्ज घेऊ नका. तीन लाखांवर १४ टक्क्यांनी ३६ महिन्यांचा हप्ता साधारण १०,२५० बसतो. परतफेड ३,६९,००० च्या आसपास, म्हणजे ६९,००० नुसतं व्याज. तुमच्याकडे महिन्याला उरतात पाच हजार. हा हप्ता भरणार कशातून? आणि तीन लाख हा आकडा कुठून आला तेही बघा. २३,३०० ला बारानं गुणलं की २,७९,६०० होतात. म्हणजे पहिल्या महिन्याची यादी जशीच्या तशी वर्षभर चालेल असं मिस्टरांनी धरलंय. मांजराच्या मधुमेहात तसं सहसा होत नाही. डोस बसेपर्यंतचे पहिले काही महिने महागाचे, नंतर खर्च खाली येतो. लवकर इन्सुलिन सुरू झालं आणि खाण्यातली कर्बोदकं कमी केली, तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतंही. तुमच्या बोक्याचं सुटेल असं धरून हिशेब करायचा नाही, पण जो खर्च सहा महिन्यांनी निम्मा होऊ शकतो त्यासाठी तीन वर्षांचा हप्ता गळ्यात कशाला?

आता यादी. गंमत अशी की, ज्या इन्सुलिनच्या नावानं सगळे घाबरतात तेच यात स्वस्त आहे. डॉक्टरांनी माणसांचंच ग्लार्जिन (लांब चालणारं इन्सुलिन) दिलं असेल असं धरतो. ते २०२२ पासून राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ३ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट असतात. दोन युनिट दिवसातून दोनदा दिलं तरी महिन्याला १२० लागतात. तिथे काटकसर करायला जाऊ नका.

सिरिंज मात्र डोळ्यांत तेल घालून घ्या. ग्लार्जिन १०० युनिट प्रति मिलीचं असतं आणि त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलीच्या इन्सुलिनच्या कुप्याही सर्रास चालतात, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. दुकानदारानं घाईत लाल दिली आणि तुम्ही तिच्यावर दोनची खूण बघून औषध भरलं, तर बोक्याच्या अंगात पाच युनिट जातात. त्या एका चुकीचं दवाखान्याचं बिल वर्षभराच्या इन्सुलिनपेक्षा मोठं होऊ शकतं, आणि जीव जाण्याची भीती वेगळीच.

सेन्सर दर महिन्याला दोन नकोत. डॉक्टरांची हरकत नसेल तर पहिल्या तीन महिन्यांत मिळून दोन लावा, बाकी दिवस घरी ग्लुकोमीटर. कानाच्या कडेला टोचून एक थेंब पुरतो. पट्ट्यांसकट महिन्याला १,५०० धरा. माणसांचा मीटर मांजराची साखर सहसा कमी दाखवतो, तेव्हा कोणत्या मीटरचा आकडा आहे ते डॉक्टरांना सांगायचं. घरी मोजण्यात पैसा वाचतो तो आणखी एका कारणानं. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, तिथे दाखवायला हरकत नाही. पण डोंबिवलीहून पिंजऱ्यात घालून गर्दीच्या लोकलनं नेलेल्या बोक्याची साखर नुसत्या भेदरण्यानं चढते. तो आकडा बघून डोस वाढवला की घरी आल्यावर साखर धाडकन खाली. म्हणून घरच्या नोंदींची वही सोबत न्या.

सगळ्यात जास्त पैसे खाण्यात वाचतील. १२० रुपयांचं पाकीट दिवसाला तीन, असा तुमचा हिशेब दिसतोय. पाकिटावर ‘डायबेटिक’ लिहिलंय की नाही यापेक्षा आत कर्बोदकं किती, हे महत्त्वाचं. ते लेबलवरून काढता येतं: शंभरातून प्रथिनं, स्निग्ध, ओलावा, राख (म्हणजे खनिजं) आणि तंतू वजा करा. ओल्या खाण्यावर १०, ५, ८०, २, १ असे आकडे असतील तर उरतात २ टक्के. कोरड्या दाण्यांवर ३२, १२, १०, ८, ४ असतील तर ३४. साठेक रुपयांच्या साध्या ओल्या पाकिटांतही हे गणित जमणारी सापडतात. दोन-तीन लेबलांचे फोटो डॉक्टरांना पाठवून विचारा. मनानं बदलू नका, कारण कर्बोदकं कमी झाली की इन्सुलिनची गरजही उतरते आणि जुना डोस जास्त ठरतो. हा खर्च ५,४०० वर येईल.

म्हणजे महिना साधारण ८,०००. कोरड्या खाण्यावर आतापर्यंत दोनेक हजार जात असतील, ते वाचले. एसआयपी बंद करू नका, त्यातले ४,००० फक्त सहा महिने थांबवा. बहुतेक फंडांत ‘पॉज’ची सोय असते. मुलाच्या शिक्षणातून २४,००० मागे पडतील, ते पुढे भरून काढता येतात. उरलेले २,००० शिलकीतून.

कार्डाचे २१,४०० मात्र देय तारखेच्या आत पूर्ण भरा. ‘किमान रक्कम’ भरून पुढे ढकललं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सातशे-साडेसातशे रुपये व्याज, आणि तेही खरेदीच्या दिवसापासून. हे पैसे एफडीतून घ्या. सेन्सरचे १०,०००, सुरुवातीच्या तपासण्यांचे ६,००० आणि अडीअडचणीचे २५,००० पण तिथूनच. एकूण ६२,४००. अख्खी एफडी मोडण्याआधी बँकेत विचारा, अर्धवट काढता येते का. नसेल तर मोडा, पन्नास-पन्नास हजारांच्या वेगवेगळ्या एफडी करा. पुढच्या वेळी एकच मोडावी लागेल. मागे २,८७,६०० राहतात. हप्ता धरून चार महिन्यांचं घर त्यात चालतं. यापेक्षा खाली मी तुम्हाला जाऊ देणार नाही.

आजार निघाल्यावर विमा घेण्यात अर्थ नाही, आधीपासूनचा आजार त्यात बसत नाही. ‘फॉर्मवर लिहू नका’ असं सांगणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

दोन गोष्टी पैशांच्या वाटत नाहीत, पण आहेत. इन्सुलिन बारा तासांच्या अंतरानं द्यायचं. संध्याकाळी सातला तुम्ही दोघं गाडीत असणार, मग सकाळ-रात्र साडेआठ जमतंय का बघा, नाहीतर सासूबाईंना टोचायला शिकवा. (कुरकुर करणारी माणसंच पुढे वेळ काटेकोर पाळतात, असा माझा अनुभव आहे.) गणपतीला गावी जाताना इंजेक्शन देणारं बोर्डिंग साध्या बोर्डिंगपेक्षा महाग पडेल, त्याचा दर आत्ताच काढून ठेवा.

आणि दोघांनी मिळून एक वरचा आकडा ठरवा. अंगात कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबीतून तयार होणारे आम्ल पदार्थ) वाढून बोका अत्यवस्थ झाला तर किती दिवस दाखल ठेवायचं, कुठे थांबायचं, हे डॉक्टरांशी आत्ता बोला. रात्री दोन वाजता काउंटरवर कार्ड पुढे करताना कुणालाच नीट विचार सुचत नाही. माझ्या मते ते २५,००० ही पहिली मर्यादा. दात किडलेले निघाले तर त्यावरचा खर्च मात्र या मर्यादेत मोजू नका. तोंडातला संसर्ग असला की इन्सुलिन नीट लागू पडत नाही, तेव्हा तो खर्च वसूल होतो.

मिस्टरांनी लोनचा अर्ज आधीच भरला असेल तर रक्कम खात्यात येण्याआधी तो मागे घ्यायला सांगा. एकदा पैसे जमा झाले की प्रोसेसिंग फी सहसा परत मिळत नाही, आणि मुदतीआधी फेडायला गेलात तर बऱ्याच ठिकाणी त्याचेही वेगळे पैसे लावतात.