वादळाला नाव मिळण्याआधी

प्रश्न : ताई, आम्ही गेल्या हिवाळ्यात न्यू जर्सीहून फ्लोरिडात, टॅम्पाला आलो. १९८६ सालचं सिमेंट ब्लॉकचं बैठं घर घेतलंय. दोन गाड्यांचं गॅरेज आहे. खिडक्यांना शटर नाहीत, पण आधीच्या मालकानं गॅरेजमध्ये अॅल्युमिनियमच्या पत्र्यांची चळत ठेवून दिलीय. जूनमध्ये सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतायत. नवरा म्हणतो, जनरेटर घेतला की झालं. शेजारचे आजोबा म्हणतात, टॅम्पाला काही होत नाही. हरिकेनच्या, म्हणजे इथल्या चक्रीवादळांच्या, तयारीला सुरुवात कुठून करू?

उत्तर : आजोबांना नमस्कार करा, सल्ला मात्र घेऊ नका. टॅम्पाच्या उपसागरावर मोठं हरिकेन थेट आदळलं ते १९२१ साली, त्या भरवशावर ते बोलतात. पण २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन हे हरिकेन किनाऱ्याला लागलं ते तुमच्यापासून शंभराहून जास्त मैल उत्तरेला, तरी उपसागराकाठच्या कितीतरी घरांत समुद्राचं पाणी शिरलं. दोन आठवड्यांत मिल्टन आलं ते खाली दक्षिणेला, सिएस्टा की या बेटाला. वादळ आपल्या दारातच यायला हवं असं काही नसतं.

हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि जोर सप्टेंबरच्या दहा तारखेच्या आसपास. म्हणजे सासूबाई नेमक्या भरात असतील तेव्हा!

पहिलं काम आज रात्री जेवणं उरकल्यावर करा. काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून तुमचा इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे घर सोडून निघायच्या हुकमासाठी आखलेला भाग, बघा. ए ते ई यातलं एक अक्षर निघेल किंवा काहीच निघणार नाही. ते फ्रिजवर चिकटवा. घर घेताना कागदपत्रांत आलेला फ्लड झोन निराळा, तो विम्यासाठी. या दोन्हींत आपली माणसं हमखास गोंधळ घालतात. ‘आम्ही एक्स या कमी धोक्याच्या फ्लड झोनमध्ये आहोत, आम्हाला निघायला नको’ असं एका जाणत्या गृहस्थांनी मला ऐकवलं होतं. त्यांचं इव्हॅक्युएशनचं अक्षर बी होतं.

मग विमा. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं पाणी धरलेलं नसतं. सरकारी योजनेतला पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. वादळ जवळ आलं की कंपन्या नवीन पॉलिसीही देत नाहीत. तुमच्या पॉलिसीत ‘हरिकेन डिडक्टिबल’ असा शब्द शोधा. तो, म्हणजे नुकसानीतला तुम्ही स्वतः भरायचा पहिला भाग, बहुधा टक्क्यांत असतो. २ टक्के वाचून माणूस निश्चिंत होतो, पण घर ४ लाख डॉलरला उतरवलं असेल तर पहिले ८ हजार तुमच्या खिशातून.

आता ती पत्र्यांची चळत. ती सोन्यासारखी आहे, पण या शनिवारी एकदा सगळी खिडक्यांवर चढवून बघा. का, ते सांगते. २००५ साली आम्ही फोर्ट लॉडरडेलला होतो. विल्मा हे हरिकेन २४ ऑक्टोबरला, सोमवारी सकाळी येणार होतं. रविवारी दुपारी आम्ही पत्रे काढले, तर कुठला कुठल्या खिडकीचा याचा पत्ता नाही. त्याहून वाईट म्हणजे उन्हाळ्यात घर रंगवून घेतलं तेव्हा रंगाऱ्यानं भिंतीबरोबर खिडकीभोवतीच्या बोल्टांवरही रंग फासलेला. विंग नट, म्हणजे हातानं फिरवायचा पंखवाला नट, एक आटाही चढेना. नवरा तारेचा ब्रश घेऊन बोल्ट खरवडतोय, मी टॉर्च धरलाय, असं रात्री अकरापर्यंत चाललं. मागच्या दोन खिडक्या तशाच राहिल्या. म्हटलं, समुद्र पूर्वेला, मागची बाजू पश्चिमेची, चालेल. विल्मा राज्य ओलांडून पश्चिमेकडून आलं. शेजारच्या छपराचं एक कौल खिडकीतून आत येऊन सरळ पलंगावर पडलं. नंतर अकरा दिवस वीज नव्हती.

म्हणून प्रत्येक पत्र्यावर आतल्या बाजूनं मार्करनं ‘हॉल १’, ‘हॉल २’ लिहा, लावलेल्याचा फोटो काढून ठेवा. स्टेनलेसचे विंग नट डबाभर जास्तीचे आणा आणि बोल्टला व्हॅसलीन चोळा. हातमोजे हवेतच, त्या कडा विळीसारख्या कापतात. सगळं बंद केल्यावर आतून उघडणारं निदान एक दार मोकळं ठेवा.

नवऱ्याला गॅरेजच्या दारासमोर उभं करा. घरातलं सगळ्यात रुंद भोक तेच आणि त्यावर पातळ पत्रा. ते आत वाकलं की वारा घरात शिरतो आणि छताला खालून ढकलतो, वरून वारा ते ओढतच असतो. १९९२ च्या अँड्र्यूनं दक्षिण फ्लोरिडात घरं किती कच्ची बांधली होती ते दाखवलं आणि त्यातून पुढे २००२ पासून राज्यभर एकच कडक बांधकाम संहिता आली. तुमचं घर त्याच्या आधीचं. दाराच्या आतल्या बाजूला वाऱ्याचा दाब लिहिलेलं लेबल आहे का बघा. नसेल तर दार बदला, निदान आतून आधाराचे खांब बसवून घ्या. जनरेटरच्या पैशांतले काही इथे जाऊ देत. ‘विंड मिटिगेशन’ची तपासणीही करून घ्या. तपासनीस माळ्यावर चढून छत भिंतीला खिळ्यांनी धरलंय की लोखंडी पट्ट्यांनी, ते बघतो. अहवाल चांगला आला तर विम्याचा हप्ता कमी होतो.

सासू-सासऱ्यांची औषधं, पासपोर्ट, प्रवासविम्याचे कागद एका जलरोधक पिशवीत. निघायचा हुकूम आला तर जॉर्जियापर्यंत गाडी हाणू नका. फ्लोरिडात म्हणतात, पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून दडा. झोनच्या बाहेर, दहा-वीस मैल आत राहणारं एखादं मराठी कुटुंब आत्ताच हेरून ठेवा. पाणी माणशी रोज एक गॅलन. आणि डाळ-तांदूळ भरलेत म्हणून निर्धास्त होऊ नका, तुमची शेगडी बहुतेक विजेची आहे.

जनरेटर घ्याच, पण शेवटी. तो घरापासून २० फूट लांब, धूर घराच्या उलट दिशेला. दार उघडं ठेवूनसुद्धा गॅरेजमध्ये चालवायचा नाही, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. त्याचा बॅटरीवरचा अलार्म सोबतच आणा.

प्रश्न : काचांवर चिकटपट्टीची फुली मारावी का? आणि दाब सारखा राहावा म्हणून एक खिडकी किलकिली ठेवावी का?

उत्तर : नाही. आणि नाही. पट्टीनं काच वाचत नाही, फुटली तर तुकडे मोठे आणि घातक होऊ शकतात. वर आठवडाभर गोंद खरवडत बसा. खिडकी उघडी ठेवणं म्हणजे वाऱ्याला आवतण.

प्रश्न : वादळाआधी स्विमिंग पूल रिकामा करू का? गॅरेजमध्ये इलेक्ट्रिक गाडीही आहे.

उत्तर : पूल अजिबात रिकामा करू नका. जमीन पाण्यानं तुडुंब झाली की रिकामा पूल होडीसारखा वर उचलला जातो. पंपाची वीज तेवढी बंद करा. गाडीची काळजी जास्त. खारं पाणी बॅटरीत शिरलं की ती नंतर, कधी काही दिवसांनीही, पेट घेऊ शकते. २०२२ च्या इयननंतर फ्लोरिडात अशा गाड्या जळल्या. समुद्राचं पाणी यायची शक्यता असेल तर चार्ज करून तिला उंचावरच्या मोकळ्या जागी लावून या, आणि ते गॅरेजचं दार लावायच्या आधी.