एखादं वाक्य इतकी वर्षं का टोचत राहतं?

तुम्ही लिहिलं आहे की बारा वर्षांपूर्वी वडील चारचौघांत म्हणाले, 'तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही.' आज त्यांना ते आठवतही नाही, आणि तुमच्या डोक्यातून ते जात नाही. 'मी फारच मनाला लावून घेतो का?' असं तुम्ही विचारलंय. मला तसं अजिबात वाटत नाही.

सातवीत असताना माझ्यावर धडा मोठ्यानं वाचायची पाळी आली. 'निःस्पृह' या शब्दावर अडखळले. ओळ पुन्हा सुरू केली, पुन्हा तिथंच अडले. बाई म्हणाल्या, "बस खाली. तुझं ऐकत बसलो तर तास संपेल." रागावल्या नव्हत्या, घड्याळाकडे बघत सहज म्हणाल्या. मी त्या ओळीवर बोट ठेवून बसले आणि मागच्या मुलीनं तो परिच्छेद घडाघडा वाचला. आता मी पन्नाशीला आले, तरी ऑफिसात बोलायला उठले की पहिलं वाक्य तोंडून निघतं, "जास्त वेळ घेत नाही हं." वेळेचं कुणी काही म्हटलेलं नसतं.

बाई 'हा शब्द चुकला' म्हणाल्या असत्या तर मी संध्याकाळपर्यंत विसरलेही असते. चुकलेला शब्द सुधारता येतो. पण 'तू अशीच' म्हटलं की त्यात सुधारणार काय? मग मन पुरावे गोळा करत बसतं. दहा वेळा नीट बोललेलं मोजत नाही, अकराव्यांदा जीभ अडली की 'बघ, बाई बरोबरच होत्या'.

१९३९ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आयोवा विद्यापीठातले वाचातज्ज्ञ वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली एका अनाथालयातल्या २२ मुलांवर प्रयोग झाला. जॉन्सन स्वतः तोतरे बोलायचे. प्रयोगात नीट बोलणाऱ्या सहा मुलांना मुद्दाम सांगितलं जायचं, की तुमच्यात तोतरेपणाची लक्षणं दिसतायत, जपून बोला. ती मुलं खऱ्या अर्थानं तोतरी झाली नाहीत, पण बुजली, बोलायचंच टाळू लागली. आयोवा विद्यापीठानं २००१ मध्ये जाहीर माफी मागितली, आणि २००७ मध्ये राज्यानं प्रयोगातल्या काही जणांना, काहींच्या बाबतीत त्यांच्या मागे वारसांना, मिळून ९ लाख २५ हजार डॉलर भरपाई दिली. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं. त्या मुलांना कुणी हात लावला नव्हता, फक्त शब्द वापरले होते.

उभारी देणारं बोलणंही असंच मुरतं, फक्त ते नेमकं असावं लागतं. 'छान बोललात' मी शंभरदा ऐकलं असेल, एकही लक्षात नाही. पण एकदा मीटिंगनंतर एक सहकारी थांबली आणि म्हणाली, "व्याजाचा हिशेब दुसऱ्यांदा सांगताना तुम्ही कागदावर रेघ ओढून दाखवलीत ना, तेव्हा मला पहिल्यांदा कळला." ती रेघ मी अजून ओढते.

आता वडिलांबद्दल. 'आठवत नाही' म्हणताना ते खोटं बोलत असतील असं धरून चालू नका. हे मी अनुभवानं सांगते, कारण बोलणाऱ्याच्या जागीही मी उभी राहिले आहे. दोन वर्षांपूर्वी धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, मी चौदा वर्षांचा होतो. तू कपाट आवरत होतीस, मावशी पलंगावर बसली होती. मी मध्ये काहीतरी बोललो, तर तू म्हणालीस, याला विचारून काय उपयोग." मला त्यातलं काही आठवेना. आम्ही घरातले सगळे त्याला अबोल समजत आलो होतो. तो म्हणाला, त्या दिवसानंतर त्यानं घरात स्वतःहून मत देणंच सोडलं. 'मी असं म्हणणं शक्य नाही' हे माझ्या ओठांवर आलं होतं. कपाट आणि मावशी ऐकल्यावर ते गिळलं. "म्हटलं असणार मी. चुकलंच माझं," एवढंच बोलू शकले.

म्हणून बोलायचं ठरवलंत, तर वडिलांना 'तुम्ही नेहमी मला दुखावता' म्हणू नका, ते लगेच नाकारता येतं. तो दिवस सांगा. कुठे होता, समोर कोण बसलं होतं, शब्द नेमके काय होते. आणि जमलं तर ते एकटे असताना सांगा.