हृदयाच्या मज्जातंतूंचा स्कॅन शिकायचाय, तर वाट कुठून?

ताई, पत्र मिळालं. मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांना हार्ट अटॅक आल्यापासून तिनं हृदयाच्या मज्जातंतूंचे स्कॅन शिकायचा ध्यास घेतलाय, आणि तुम्हाला भीती रेडिएशनची. ‘तिचं लग्न व्हायचंय’ हे तुम्ही दोनदा लिहिलंय.

तिचा ध्यास खुळा नाही. हृदयाला रक्त कमी पडलं की स्नायूच्या आधी मज्जातंतू मरतात. स्नायू जिवंत पण तंतू गेलेले, अशा जागेतून ठोके बिघडू शकतात. अमेरिकेत बफेलोच्या संशोधकांनी अशा 204 रुग्णांचे पेट स्कॅन केले. 2014 साली त्यांनी दाखवलं की जितके तंतू जास्त गेलेले, तितका हृदय अचानक बंद पडायचा धोका जास्त.

पण या स्कॅनसाठी किरणोत्सर्गी औषध टोचतात, आणि त्यातल्या कार्बन-11 चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायचा वेळ, जेमतेम 20 मिनिटांचं. ते बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, शेजारी नसेल तर रुग्णापर्यंत पोचेस्तोवर औषध संपत आलेलं असतं. आयोडीन-123 एमआयबीजी हे तंतूंचंच दुसरं औषध, त्याला निम्मं व्हायला 13 तास मिळतात, आणि तो स्कॅन किरण टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्यावर होतो. तरी रोजचं काम म्हणजे हाडं, थायरॉइड, कॅन्सरचे पेट स्कॅन. तेव्हा या एका स्कॅनसाठी नको, अख्खं न्यूक्लिअर मेडिसिन, म्हणजे किरणोत्सर्गी औषधांनी तपासायचं हे शास्त्र, आवडत असेल तरच तिनं यावं.

परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. तिथला डीएमआरआयटी हा न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट व्हायचा डिप्लोमा बी.एस्सी.नंतर करता येतो. पात्रतेचे गुण यंदाच्या जाहिरातीत बघा. स्कॅन वाचून निदान करतो तो एमडी झालेला डॉक्टर. टेक्नॉलॉजिस्टचं काम वेगळं, हे तिला आजच सांगा. कमी मोलाचं मात्र नाही हं. एमआयबीजीआधी थायरॉइड वाचवायला आयोडीन दिलंय ना, हे बघावं लागतं. रुग्णाच्या गोळ्यांची पिशवी उघडून एकेक पाकीट वाचावं लागतं. नैराश्यावरची एखादी गोळी चालू राहिली तर तंतू औषध उचलत नाहीत, धडधाकट हृदयही रिकामं दिसतं.

आता रेडिएशन. औषध शिशाच्या आडोशानं भरतात, छातीवरचा बॅज किती डोस लागला ते मोजतो. पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), कुठल्याही एका वर्षात 30, ही आपल्याकडची कायदेशीर मर्यादा. दिवस राहिले की विभागाला लगेच सांगायचं, बाळासाठी मर्यादा आणखी कडक आहे. या कामात असलेल्या बायका लग्न करतात, त्यांना मुलं होतात. परीक्षा संपली की तिला एखाद्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात परवानगी काढून दिवसभर बसू द्या. जमलं तर तुम्हीही जा आणि तिथल्या बायकांशी बोला.