शर्ट मस्त आहे... ‘नॉट!’

सबटायटल्सचं काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: एका अमेरिकी विनोदी मालिकेत एक मुलगा दुसऱ्याला ‘नाइस शर्ट’ म्हणतो, क्षणभर थांबतो आणि मग ‘नॉट!’ असं ठासून म्हणतो. मी मराठीत ‘शर्ट छान आहे. नाही!’ असं लिहिलं, पण वाचून कुणालाच हसू आलं नाही. शेवटी येणारा हा ‘नॉट’ आला कुठून आणि मराठीत त्याचं काय करायचं?

आधी हसू का आलं नाही ते बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे. ‘शर्ट छान आहे, नाही?’ हे आपण रोज म्हणतो आणि त्यातून समोरच्याचा होकार मागतो. ‘पाऊस मस्त लागलाय, नाही?’ तसंच. म्हणजे इंग्रजीत जो शब्द कौतुक पुसून टाकतो, तोच मराठीत वाक्याच्या शेवटी आला की कौतुक पक्कं करतो. ताईंच्या वाचकांनी ती ओळ सरळ स्तुती म्हणून वाचली असणार. त्यांचं काहीच चुकलं नाही.

दुसरं कारण वाक्यरचनेचं. मराठीत नकार बहुधा शेवटी येतो. ‘मला तुझा शर्ट आवडला’ इथपर्यंत ऐकूनही आपला कान उघडाच असतो, कारण पुढे ‘नाही’ येऊ शकतं. इंग्रजीत नकार क्रियापदाला चिकटून आधीच येतो. ‘आय डोन्ट लाइक’ म्हणताक्षणी सगळं कळतं. म्हणून तो न येता वाक्य पुरं झालं की इंग्रजी कान निश्चिंत होतो, आणि नेमका तेव्हा मागून ‘नॉट!’ येऊन आदळतो. हा धक्का मराठी व्याकरणात बसवायला जागाच नाही.

हा विनोद किती काटेकोर वेळेवर चालतो ते 2006 च्या ‘बोराट’ चित्रपटात फार छान दिसतं. साशा बॅरन कोहेन या नटाने रंगवलेला बोराट हा कझाकस्तानहून अमेरिकेत आलेला पत्रकार. तो एका विनोद-शिक्षकाकडे जातो. शिक्षक त्याला ‘हा सूट काळा आहे... नॉट!’ हे म्हणायला शिकवतो. बोराट कधी ‘नॉट’ मध्येच घालतो, कधी न थांबता एका दमात म्हणतो, तर कधी इतका थांबतो की वाक्य विसरायला होतं. शब्द सगळे बरोबर असूनही विनोद जागेवर नाही, आणि तेच आपल्याला हसवतं.

आता उगम. हा ‘नॉट’ घरोघरी पोचवला ‘वेन्स वर्ल्ड’ने. अमेरिकेच्या ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात 1989 मध्ये हे प्रहसन सुरू झालं. माइक मायर्सचा वेन आणि डेना कार्व्हीचा गार्थ हे दोन मित्र इलिनॉय राज्यातल्या ऑरोरा गावी घराच्या तळघरात बसून हौशी केबल कार्यक्रम चालवतात, अशी कल्पना. 1992 मध्ये त्यावर चित्रपट आला, तुफान चालला, आणि अमेरिकन डायलेक्ट सोसायटी या भाषा-अभ्यासकांच्या संस्थेने त्या वर्षाचा शब्द म्हणून ‘नॉट!’ निवडला.

पण त्यांनी तो घडवला असं मात्र नाही. याच कार्यक्रमात 1978 च्या सुमारास स्टीव्ह मार्टिन या विनोदी नटाच्या तोंडी तो येऊन गेला होता. त्याच्या कितीतरी आधी, 1905 मध्ये, एलिस पार्कर बटलरच्या ‘पिग्ज इज पिग्ज’ या विनोदी कथेत तो लख्ख दिसतो. फ्लॅनरी हा पार्सल कचेरीतला कारकून. गिनीपिगना डुकरांचा 30 सेंट दर लावायचा की पाळीव प्राण्यांचा 25 सेंट, यावरून त्याचं एका गिऱ्हाइकाशी वाजलेलं. वरून हुकूम येतो, त्याच्याकडून पैसे वसूल कर. फ्लॅनरी स्वतःशीच गिऱ्हाइकाचं उत्तर रंगवतो: जरूर मित्रा, आनंदाने देतो! आणि लगेच म्हणतो, ‘नॉट!’ प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या विनोदी अंकात तर तो 1893 मध्येच छापलेला आहे.

याचा एक इंग्लंडमधला भाऊबंद आणखी जुना. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये, म्हणजे 1836-37 मध्ये, सॅम वेलर एका तरुणाला ‘तुम्ही भारी प्रेमळ स्वभावाचे आहात साहेब’ असं म्हणून शेवटी ‘आय डोन्ट थिंक’ जोडतो. कौतुक पुरं होऊ द्यायचं आणि मग मागून काढून घ्यायचं, युक्ती तीच. ही कादंबरी दर महिन्याला भागाभागाने निघत होती आणि सॅम आल्यावर तिचा खप भराभर चढला. दर आठवड्याच्या प्रहसनाने जे केलं, तेच दीडशे वर्षांपूर्वी दर महिन्याच्या अंकाने केलं. ‘अ‍ॅज इफ!’ (म्हणजे ‘छे, काहीतरीच!’) या उद्गाराचंही असंच: फ्रँक नॉरिसच्या 1903 च्या ‘द पिट’ कादंबरीत तो आहे, पण जगभर गेला 1995 च्या ‘क्लूलेस’ चित्रपटामुळे.

मग विनोदी कार्यक्रम नेमकं काय करतात? माझ्या मते ते उपरोधाला खूण देतात. एरवी उपरोध आवाजाच्या चढउतारात असतो आणि तो ओळखायला सराव लागतो. लहान मुलांना टोमणा उशिरा कळतो हे आपण घरात बघतोच. ‘नॉट!’ने ही अडचण संपवली. काहीही गोड बोला, शेवटी एक शब्द लावा, गैरसमजाला जागाच नाही. कुणाचा आवाज काढावा लागत नाही, प्रसंग आठवावा लागत नाही. वाक्य तुमचं, फक्त शेपूट वेन-गार्थचं. म्हणून तर शाळकरी पोरांनी ते झपाट्याने उचललं.

आणि म्हणूनच ते लवकर शिळंही झालं. त्याचं सगळं भांडवल म्हणजे तो धक्का. जो तो बोलायला लागल्यावर इंग्रजी कानही वाक्य संपताना ‘आता येतोय नॉट’ म्हणून थांबायला लागला, म्हणजे आपल्या मराठी कानासारखाच झाला! ‘बोराट’ येईपर्यंत तो जुन्या विनोदाचा नमुना म्हणून शिकवण्याजोगा झाला होता.

आता मराठीचं. शेवटून उलटवायची साधनं आपल्याकडे आहेत, फक्त त्यात ‘नाही’ नाही. माझं सगळ्यात लाडकं ‘कसला’. फ्लॅनरीचं वाक्य मी असं करीन: ‘“देतो की, आनंदाने देतो!” म्हणेल तो. देतोय कसला!’ दुसरं ‘तर’: ‘तो पैसे देतोय तर!’ यात एकही नकारार्थी शब्द नाही, तरी पैसे मिळणार नाहीत हे पोराटोरांनाही कळतं. तिसरं ‘म्हणे’: ‘हुशार आहे म्हणे!’ इथे आपण ते कौतुक दुसऱ्याच्या पदरात टाकून मोकळे होतो. शिवाय ‘डोंबल’ आणि ‘कप्पाळ’ आहेतच. ही दोन्ही एकटी उभी राहतात, अगदी ‘नॉट’सारखी, आणि आधी थांबायलाही वाव देतात. मुंबईकडच्या पोरांचं ‘घंटा’ही तेच काम करतं, पण ते चारचौघांत बोलण्यातलं नाही. पात्र तसं असेल तरच घ्या.

‘कसला’ आणि ‘तर’ बहुधा क्रियापदाला धरून चालतात, त्यामुळे शर्टाच्या ओळीत ते नीट बसत नाहीत. ‘म्हणे’ला आधी दुसऱ्या कुणीतरी कौतुक केलेलं लागतं. तेव्हा ताई, तुमच्या जागी मी दोन सबटायटल्स करीन. पहिलं ‘शर्ट झकास आहे हं!’ ते पुसलं जाऊ दे. पोरगा तोंड उघडेल त्या क्षणी दुसरं, एकाच शब्दाचं: ‘डोंबल!’